केळीच्या ग्रोथ रूममधील ट्यूबलाइट काढून एल.ई.डी. बसवावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, केळीच्या टिश्यू कल्चर (बंद जारमध्ये ऊतींपासून रोपे तयार करण्याच्या) प्रयोगशाळेतील ग्रोथ रूममध्ये, म्हणजे हे जार दिव्यांखाली ठेवण्याच्या खोलीत, ३६ वॅटच्या ट्यूबलाइटऐवजी एल.ई.डी. लावावेत का, लावायचे तर लाल-निळे घ्यावेत की पांढरे, आणि रोपे लांबट होण्याची भीती कितपत खरी आहे. मी अशाच एका प्रयोगशाळेत ग्रोथ रूमचे काम पाहतो आणि आमच्याकडे हा बदल पूर्ण झाला आहे. दिवे जरूर बदलावेत आणि पांढरेच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याबरोबर खोलीचे तापमानही नव्याने लावून घ्यावे लागते, आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

कॉपर चोकसह एक ट्यूबलाइट सुमारे ४५ वॅट वीज घेते, तर १८ ते २० वॅटच्या एल.ई.डी. पट्टीने जारपाशी तेवढाच प्रकाश मिळू शकतो, कारण ट्यूबचा प्रकाश चहूकडे फाकतो आणि पट्टीचा बराचसा खालीच पडतो. २० रॅक, प्रत्येकी पाच फळ्या आणि फळीमागे दोन ट्यूब धरल्या, तर १६ तासांच्या प्रकाशकाळात दिवसाला सुमारे ८० युनिट वाचतात. शिवाय दिव्यांची जी उष्णता ए.सी.ला बाहेर काढावी लागत होती, ती घटल्याने होणारी बचत वेगळी.

आता त्या उष्णतेविषयी. ट्यूब आणि चोक वरच्या फळीचा तळ तापवतात, त्यामुळे त्या फळीवरील जार बुडाकडून गरम होतात, मीडियातील (रोपे ज्यात वाढतात त्या पोषक द्रव्यातील) पाणी वाफ होऊन झाकणाच्या आतल्या बाजूस थेंबाथेंबाने जमते, आणि जारमधील तापमान खोलीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त राहते. एल.ई.डी. लावल्यावर हा फरक कमी होतो. ए.सी. पूर्वीच्याच आकड्यावर ठेवला, तर जार थंड पडतात, केळीचे मल्टिप्लिकेशन (एका फुटव्यापासून अनेक फुटवे होणे) मंदावते आणि दोष मात्र दिव्यांना दिला जातो. म्हणून बदलापूर्वी नुसता मीडिया भरलेल्या एका जारमध्ये तापमापीचा प्रोब ठेवून आकडा लिहून ठेवा आणि नंतर ए.सी. वर करून जारचे तापमान त्याच आकड्यावर आणा. यात वीज आणखी वाचते.

लाल-निळ्या दिव्यांची कीर्ती जुन्या प्रयोगांतून आली आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लाल एल.ई.डी.खाली लेट्यूस वाढवताना निळ्या प्रकाशासाठी फ्लुरोसंट दिव्यांची जोड द्यावी लागली होती. निळा भाग कमी पडला की रोपे लांबट होतात, ही आपली भीती तिथवर खरी आहे. परंतु ५००० ते ६५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या एल.ई.डी.मध्ये निळा प्रकाश पुरेसा असतो. लाल-निळ्या दिव्यांना माझा खरा आक्षेप कामाच्या दृष्टीने आहे. त्या जांभळट उजेडात मीडियात पसरणारा जिवाणूंचा दुधी थर दिसत नाही आणि पानाचा पिवळेपणाही ओळखू येत नाही, आणि जार तपासणाऱ्या मुलींच्या डोळ्यांवर दिवसभर ताण येतो तो वेगळाच. कंटॅमिनेशन उशिरा लक्षात येणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नाही.

प्रकाश मोजताना लक्स मीटर पांढऱ्या ट्यूबची पांढऱ्या एल.ई.डी.शी तुलना करण्यापुरता चालतो. तो मानवी डोळ्याच्या संवेदनेवर आधारलेला असल्याने लाल-निळ्या दिव्यांखाली फसवा आकडा देतो. जारच्या उंचीवर तीन ते चार हजार लक्स, म्हणजे ढोबळमानाने ४० ते ५५ मायक्रोमोल (दर चौरस मीटरला दर सेकंदाला पडणाऱ्या, रोपाला उपयोगी प्रकाशाचे माप), मल्टिप्लिकेशनला पुरेसे होतात, कारण या अवस्थेत रोपाची बरीचशी गरज मीडियातील साखर भागवते. रूटिंगच्या (मुळे फुटण्याच्या अवस्थेतील) रॅकला थोडा अधिक प्रकाश द्यावा. मोजमाप फळीच्या मध्यावर आणि कोपऱ्यातील जारपाशी, दोन्हीकडे घ्यावे, कारण पट्ट्या नीट मांडल्या नाहीत तर कडेचे जार अंधारात राहतात.

वायरिंगचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. पट्टी थेट मेनवर चालणारी असेल, तर चोक आणि स्टार्टर काढून टाकावेत. ड्रायव्हर (एल.ई.डी.ला योग्य वीज पुरवणारे उपकरण) वेगळे असतील, तर ते खोलीबाहेर बसवावेत आणि ग्रामीण फीडरवरील व्होल्टेजचे झटके लक्षात घेऊन सर्ज प्रोटेक्शन अवश्य लावावे, अन्यथा दिवे शाबूत राहूनही ड्रायव्हर जळत राहतील.

सर्व रॅक एकदम बदलू नका. एकाच रॅकवर पट्ट्या लावून त्याच बॅचचे जार शेजारच्या ट्यूबच्या रॅकवरही ठेवा आणि दोन-तीन सबकल्चरपर्यंत (फुटवे वेगळे करून नव्या मीडियात लावण्याच्या फेऱ्यांपर्यंत) दोन्हीकडील फुटव्यांची संख्या व उंची लिहून ठेवा. तीच रोपे पुढे हार्डनिंगमध्ये (जारबाहेरच्या हवामानाची सवय लावताना) किती टिकतात हे पाहिल्यानंतरच उरलेल्या रॅकची ऑर्डर द्या.