रात्री नुसतं सॅलड खाऊनही सकाळी शुगर १४८ का येते

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन महिन्यांपूर्वी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.९ निघालं, त्या दिवसापासून भात, बटाटा, फळं, गोड सगळं बंद, रात्री नुसतं सॅलड, आणि तरी सकाळी उपाशीपोटी १४८ येतेच, तर आता अजून काय काय बंद करू याची यादी हवीय तुम्हाला. यादी देत नाही, रागावू नका. तेरा वर्षं झाली मला टाइप टू डायबिटीस होऊन, पहिल्या वर्षी अशा चार याद्या फ्रिजवर चिकटवल्या होत्या आणि चारही एकमेकींशी भांडायच्या, एकीत केळं चालतं तर दुसरीत केळं म्हणजे विषच.

आधी त्या १४८ चं बघू. सकाळची शुगर म्हणजे रात्रीच्या जेवणाची मार्कशीट नाही हो. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात आणि लिव्हर आपल्याकडची साखर रक्तात सोडायला लागतं. हे सगळ्यांचंच होतं, फक्त ज्यांना डायबिटीस नाही त्यांचं इन्सुलिन लिव्हरला वेळीच आवरतं, आपलं तिथे कमी पडतं. म्हणजे तुम्ही जे खाल्लंच नाही तेसुद्धा मीटरवर दिसतंय. मी तर या आकड्याच्या रागाने रात्री जेवणच सोडलं होतं, मग अकरा वाजता भूक खवळायची आणि उभ्या उभ्या अर्धा पुडा बिस्किटं जायची, सकाळी परत तोच आकडा आणि वर स्वतःची चीड. तेव्हा सॅलडसोबत अंडी, पनीर, डाळ, मासे, जे चालत असेल ते प्रोटीन नीट घ्या, थोडा भात घेतलात तरी चालेल, पोट भरलं पाहिजे.

हा सकाळचा आकडा हलायला वेळ लागतो आणि वजन जास्त असेल तर तो बहुतेक वजनासोबतच हलतो, कारण लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली होती, रॉय टेलर आणि माइक लीन या संशोधकांची, २०१७ मध्ये निकाल आले. डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिन न घेणारी माणसं घेतली आणि त्यातल्या एका गटाला तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरी, देखरेखीखाली. वर्षभराने त्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा डायबिटीस गोळ्यांशिवाय रेमिशनमध्ये होता, म्हणजे शुगर डायबिटीसच्या पातळीखाली आली होती, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. हे घरी एकट्याने करायचं डाएट नाही, सांगतेय एवढ्यासाठी की तुमचं निदान आत्ताच झालंय, ही वेळ चांगली आहे. माझं सहा किलो उतरलं तेही उशिरा, रेमिशन वगैरे काही नाही पण डॉक्टरांनी गोळी अर्धी केली.

आता खायचं काय. ग्लुकोमीटर तुमच्याकडे आहे पण तुम्ही तो फक्त सकाळी वापरता, आणि खाण्याबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. आठवडाभर जोडीने बघा, जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, रोज एकच जेवण पकडा म्हणजे स्ट्रिप्सही उगाच उडणार नाहीत. जेवणानंतरचा आकडा बहुतेकांना १८० च्या आत ठेवायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा सांगितला असेल तर तो. माझं सांगते, सगळे म्हणाले ओट्स खा म्हणून मी वाटीभर इन्स्टंट ओट्स, दूध, मनुका असं रोज भक्तिभावाने खायचे, आणि दोन तासांनी बघितलं तर २३० च्या वर! दोन अंडी, भाजी आणि ब्रेडची एक स्लाइस खाल्ली की १६० च्या आसपास. ओट्स वाईट नाहीत, माझी वाटी मोठी होती आणि त्यात दुधाची साखर, मनुकांची साखर सगळं एकत्र होतं. तुमचा मीटर कदाचित वेगळंच सांगेल.

भाताचंही तसंच. भात सोडू नका, त्याची जागा कमी करा. नऊ इंची ताट घ्या, अर्ध्यात भाज्या (बटाटा, मका यात धरायचे नाहीत, ते भाताच्या बाजूचे), पाव भागात प्रोटीन, उरलेल्या पाव भागात भात किंवा ब्रेड जे असेल ते. आणि आधी भाजी-प्रोटीन खाऊन भात शेवटी घेतला तर तेच ताट कमी शुगर चढवतं, मी आधी हसले होते याला, मग मीटरवर बघितलं आणि गप्प बसले. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

फळं परत सुरू करा, पण अख्खी आणि एका वेळी एकच. ज्यूस नको, ग्लासभर संत्र्याच्या रसात पाच-सहा चमचे साखर असते, घरी काढलात तरी. मध, गूळ, ब्राउन शुगर हे सगळं शरीराला साखरच. आणि ती शुगर फ्री बिस्किटं, त्यात साखर नसते पण मैदा असतो आणि मैद्याची रक्तात साखरच होते, मी दोन वर्षं फसले. पाकीट उलटं करून टोटल कार्बोहायड्रेट बघा, पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडून द्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीच नाही, गोळी कुठली चालू आहे? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांच्यासारखी असेल किंवा इन्सुलिन असेल आणि तुम्ही कार्ब्ज, म्हणजे भात, बटाटा, गोड, असे एकदम तोडले असतील तर शुगर धाडकन खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, आणि मीटरवर ७० च्या खाली, असं झालं तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण चार चमचे पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढीच. तेव्हा ज्यूस चालतो, तेव्हा तोच औषध. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यातलं काही असेल तर कार्ब्ज बंद करून उपाशी राहणं अजिबात नको, शुगर फार वाढलेली दिसत नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी स्थिती) होऊ शकतो. किडनीचा रिपोर्ट खराब असेल तर मी वर जे प्रोटीन वाढवा म्हटलं तेही आधी विचारून. तेव्हा आज गोळीचं नाव बघून सांगा, आणि उद्यापासून दुपारच्या जेवणाचे दोन दोन आकडे ताटात काय होतं त्यासकट लिहून ठेवा.