ऑक्सिजन मशीन भाड्याचं आणि डीलर धमकी देतोय? आधी हे करा

ताई, तुमचं वाचून संताप आला. बाबा ऑक्सिजनवर, भाड्याच्या कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनचा, पिवळा लाईट सारखा लागतोय, आणि तो डीलर म्हणे कॅश द्या नाहीतर मशीन उचलून नेतो, वर त्याचा माणूस आईंवर आवाज चढवून गेला. हे अजिबात खपवून घेऊ नका.

पण भांडण नंतर. आधी दुसऱ्याकडून मशीन घरात आणा, निदान एक भरलेलं सिलिंडर तरी, कारण बाबांचा श्वास या डीलरच्या हातात आहे तोवर तुम्ही दबूनच बोलणार आणि हे त्याला पक्कं माहितीये.

तो म्हणतो ना 'गोळी पाचवर आहे म्हणजे मशीन ओके', ते साफ खोटं. मशीनवरच्या काचेच्या नळीतली ती गोळी फक्त फ्लो, म्हणजे हवा किती वेगाने येते ते दाखवते, त्यात ऑक्सिजन किती ते नाही. चांगल्या मशीनमधून साधारण 93 टक्के ऑक्सिजन यायला हवा, आतलं झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे, ओल धरून खराब झालं की टक्का घसरतो, गोळी मात्र तिथेच, म्हणून पिवळा लाईट. बाजूचा स्पंजचा फिल्टर धुळीने काळा पडलाय का बघा, आणि त्याला सांगा, ऑक्सिजनचा टक्का मोजणारा अ‍ॅनालायझर आण, माझ्यासमोर रीडिंग दाखव. ऑक्सिमीटरचा आकडा पडला तर डॉक्टरांना फोन, फ्लो आपल्या मनाने वाढवायचा नाही, दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुफ्फुसांचा जुना आजार) पेशंटला ते महागात पडतं.

यापुढे फोनवर वाद नको, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. लाईटचा व्हिडिओ, सिरियल नंबर आणि तासांच्या मीटरचा फोटो पाठवा. पक्कं बिल मागा, पैसे यूपीआयनेच. आमच्या सासूबाईंच्या बेडचं डिपॉझिट एकाने 'गादी फाडलीत' म्हणून अडवलं होतं, बेड आला त्या दिवशीचा फाटक्या गादीचा फोटो पाठवला, संध्याकाळी पैसे जमा.

तरी ऐकला नाही तर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार करा, तिथे मराठीत बोलता येतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथे केस टाकता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, केस टाकायची मुदत 2 वर्षं. अर्ज जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा. आणि दारात येऊन दमदाटी केली तर सरळ 112, संकोच करू नका, घरात पेशंट आहे.

मशीन परत देताना चालू करून व्हिडिओ काढा आणि 'मिळालं' अशी सही घेतल्याशिवाय लिफ्टपर्यंतही जाऊ देऊ नका.