घरच्या शेडसाठी जुना लेथ घेताना काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की बीडजवळ घरामागे पत्र्याचं शेड आहे, लाइन सिंगल फेज आहे, आणि पंपाचे शाफ्ट, बुश, पिना घरीच करायला साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) बघताय. मी आयटीआयचा टर्नर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बावीस वर्षं लेथवर काढली, आता घरी स्वतःचा आहे.

पहिलं म्हणजे रंगाला भुलू नका. आयटीआय संपल्यावर गावात दुकान टाकायचं म्हणून मी नव्या हिरव्या रंगाचा एक लेथ घेतला. घरी आणल्यावर कळलं, चकजवळचा (काम पकडणाऱ्या जबड्यांजवळचा) बेड, म्हणजे खालचा लांब पाया, झिजून खाल्लेला. शाफ्ट एका टोकाला मापात, दुसऱ्या टोकाला जाड. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं आणि माझं दुकान वर्षभरात गुंडाळलं. म्हणून बेडबद्दल जरा जास्त सांगतो.

लेथवर बहुतेक काम चकपाशी होतं, त्यामुळे बेड तिथेच झिजतो. कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणा, त्याचा लॉक बोल्ट इतकाच कसा की चाक किंचित जड फिरेल. मग तसंच टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या, कामाला आधार देणाऱ्या टोकाकडे) न्या. मधेच कॅरेज अडकला, तर तितकी झीज आहे. बेड ग्राइंडिंग करून मिळतो, पण खर्च आणि हेलपाटे बघता असा लेथ सोडून द्यावा.

दुसरा जीव चक फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये. डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) चकच्या जबड्यावर लावू नका, जबडे झिजले असले तरी काटा हलतो. स्पिंडलच्या आतल्या टेपरवर (निमुळत्या भोकावर) लावून हाताने फिरवा; काटा ०.०२ मिमीच्या आत राहिला तर छान. मग चकमध्ये लाकडी दांडा धरून वर उचला. काटा उडी मारत असेल तर बेअरिंग ढिलं आहे. कधी नुसतं कसून भागतं, कधी बदलावं लागतं. तेवढे पैसे भावातून कापून घ्या.

शेवटी काप घेऊन बघा. २५ मिमीचा रॉड चकमधून शंभर मिमी बाहेर काढा, टेलस्टॉकचा आधार न देता हलका काप घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा, माप सारखं यायला हवं. "मोटर नाही, चालवून दाखवता येत नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

क्रॉस स्लाइडचा (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचा) बॅकलॅश म्हणजे मोकळा खेळ, घासलेला हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा नट) यांना घाबरायचं कारण नाही, गनमेटलचा नट कुठलाही चांगला टर्नर करून देतो. चेंज गियर (चूडीच्या मापाप्रमाणे बदलायचे गियर) मात्र मोजून घ्या. जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे चूडी पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू, बहुधा इंची असतो. त्यावर मिलिमीटरची चूडी (आटे) अचूक पाडायची तर १२७ दातांचा गियर लागतो. तोच नेमका हरवलेला असतो.

शोधायचं कुठे? १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्यामागे सुटे भाग करणारी युनिटं वाढली. त्यांतली बरीच सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) गेली, हाताचे लेथ निघत राहतात. चालू वर्कशॉपमधून, ज्या कारागिराने तो वापरला त्याच्याशी बोलून घ्या. तो खरं सांगतो.

थ्री फेज मोटर आली तरी चालेल. दोन एचपीपर्यंतची असेल तर सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरला थ्री फेज पुरवणारा ड्राइव्ह) लावता येतो. पण मोटरच्या तारांची जोडणी स्टारची डेल्टा करावी लागते, ते इलेक्ट्रिशियनकडूनच करा.

आणि आपली काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर कोबा करून लेथ ठेवला तर बेडला पीळ बसतो आणि चांगला लेथही टेपर कापायला लागतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, सळई घालून काँक्रीट भरा, मशीन लेव्हलने (अचूक पाणसळीने) दोन्ही टोकं बघून मगच बोल्ट आवळा. पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या सुमारास लेव्हल पुन्हा लावून बघा. फरक दिसला तर लेथच्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवा.