रेष थरथरते, पाठ भरून येते, रंग दबतात : वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती आणि कागदावर माझा हात स्थिर आहे. अलीकडे स्क्रीन नसलेला छोटा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडायची पाटी; तिच्यावर पेन फिरवले की रेष लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटते) घेतला. पण त्यावर रेष थरथरते आणि वर्तुळ काढले की त्याचे आडवे अंडे होते. स्क्रीन असलेला महाग टॅब्लेट घ्यावा का? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : तूर्तास काहीही विकत घेऊ नका. वर्तुळाचे अंडे होते यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. तुमच्या टॅब्लेटचे रेखाटनाचे क्षेत्र ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच आहे असे धरू. लॅपटॉपच्या स्क्रीनचे प्रमाण मात्र बहुधा १६:९ असते. हे चौकोन एकमेकांवर ताणून बसवले की आडवे अंतर उभ्या अंतराच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅपिंगचा (टॅब्लेटचा कोणता भाग स्क्रीनच्या कोणत्या भागाशी जुळवायचा याचा) पर्याय असतो, तेथे प्रमाण कायम ठेवण्याची खूण करा, किंवा क्षेत्राची उंची ४ ऐवजी ३.४ इंच करा. खाली अर्ध्या इंचाची पट्टी वाया जाईल, पण वर्तुळ गोल येईल. मी स्वतः सुरुवातीचे काही महिने लंबवर्तुळाकार पोटाचे गणपती काढत होतो आणि त्यालाच माझी शैली समजत होतो.

थरथरण्याचे कारणही याच मापांत आहे. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण साडेतेरा इंच रुंद असते, म्हणजे टॅब्लेटवर हात एक इंच सरकला की रेष सव्वादोन इंच धावते, आणि कागदावर कधी दिसलाही नसता असा हाताचा बारीक कंप त्याच पटीत मोठा होतो. यावर उपाय म्हणजे मनगट टेकवून बोटांनी रेष ओढण्याऐवजी कोपर आणि खांदा हलवून ती काढणे. घरी ठिपक्यांची रांगोळी घालताना पाहिली असेल, तर हे लगेच उमगेल : नजर चिमटीवर न राहता पुढच्या ठिपक्यावर असते आणि हात तिच्यामागे जातो. स्क्रीनवरच्या कोऱ्या पानावर दहा ठिपके मांडून, प्रत्येक रेष एका दमात काढत, रोज पंधरा मिनिटे ते जोडा. चुकलेली रेष लगेच ‘अनडू’ करू नका, तिच्या शेजारी दुसरी काढा.

क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेष गुळगुळीत करणारा ‘स्टॅबिलायझर’ आहे. तो शाईकाम करताना, म्हणजे अंतिम रेषा पक्क्या करताना, अवश्य वापरा. कच्च्या रेखाटनात मात्र बंद ठेवा, कारण त्यात रेष पेनाच्या मागून येते आणि हाताचा जोर मरतो. विंडोजमध्ये पेन क्षणभर टेकवून धरल्यावर गोल कडे उमटत असेल, तर पेनाच्या सेटिंगमधील ती सोय बंद करा; रेषेची सुरुवात अडखळते ती पुष्कळदा तिच्यामुळेच. आणि पृष्ठभाग फार निसरडा वाटला, तर टॅब्लेटवर साधा कागद चिकटवून पाहा. पेन कागदातूनही चालते. पेनाचे टोक (निब) थोडे लवकर झिजेल, इतकेच.

प्रश्न : आमचे घर एका खोलीचे आहे. मुले झोपल्यावर रात्री पलंगावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, पेन टॅब्लेटवर चित्रे काढतो. तासाभरात पाठ आणि मान भरून येते, आणि रात्री लावलेले रंग सकाळी वेगळेच दिसतात. स्वतंत्र टेबल ठेवायला जागा नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : टेबलाची गरज आहेच असे नाही. पूर्वी पेढीवरचे मुनीम उतरत्या पृष्ठभागाच्या बैठ्या मेजावर दिवसभर लिहीत, आणि ती रचना आपल्या कामाला अगदी योग्य आहे. ग्रेड परीक्षेच्या वेळचा ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर पडलेला असेल, तर तो काढा. चौरंगावर ठेवून त्याच्या पलीकडच्या कडेखाली दोन जाड पुस्तके सरकवा आणि टॅब्लेट त्यावर ठेवा. लॅपटॉप मागे डब्यावर किंवा स्टुलावर इतका उंच ठेवा, की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. तुमची मान भरून येते ती बहुतेक याच एका कारणाने, कारण मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहताना ती सतत वाकलेली असते. बैठकीखाली घडी घातलेली सतरंजी घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांहून थोडी वर राहील. काम झाले की सारा पसारा पलंगाखाली जातो.

रंगांचा दोष दिव्याचा आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर. पिवळसर बल्ब सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा असतो, तर स्क्रीनचा पांढरा साधारण ६५०० केल्विनचा. पिवळ्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन निळसर भासते आणि आपण नकळत चित्रात ऊब वाढवत जातो. ‘कूल डेलाइट’ लिहिलेला ६५०० केल्विनचा साधा एलईडी बल्ब घ्या. मुलांची झोप मोडू नये म्हणून तो क्लिपच्या दिव्यात बसवून लॅपटॉपमागच्या भिंतीकडे वळवा, म्हणजे प्रकाश स्क्रीनवरही चमकणार नाही. आपल्याकडच्या भिंती अनेकदा गुलाबी किंवा पोपटी असतात, तशी असल्यास त्या भागावर करड्या रंगाचा कार्डशीट लावा. लॅपटॉपचा ‘नाइट लाइट’, म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय, रंगकाम करताना बंद हवा; ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तो सुरू असल्याचे कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : एका दिवाळी अंकासाठी पानभर रंगीत चित्र दिले. स्क्रीनवर झळकणारा निळा रंग छापून आल्यावर मळकट दिसला, आणि काळ्या रेषांच्या कडेला रंगीत सावली आली. (एक चित्रकार, पुणे)

उत्तर : स्क्रीनचा झळझळीत निळा निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी या चार शाईंच्या छपाईत येतच नाही. छापखान्याकडून त्यांच्या कागदाचे कलर प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) मागून घ्या आणि क्रिटामधील ‘सॉफ्ट प्रूफिंग’, म्हणजे छापील रंगांची स्क्रीनवरच झलक दाखवणारी सोय, लावून रंगवा, म्हणजे दबणारे रंग आधीच कळतील. ए-४ पानासाठी ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात; चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (पान कापताना पांढरी कड राहू नये म्हणून ठेवलेली जादा जागा) धरल्यास साधारण २५५१ × ३५७९. अशा आकाराचा पूर्ण भरलेला प्रत्येक थर (लेयर) सुमारे ३५ एमबी मेमरी घेतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पूर्ण झालेले थर वेळोवेळी एकत्र करा.

रंगीत सावलीचे कारण असे, की तुमचा काळा चारही शाईंच्या मिश्रणातून बनला होता आणि छपाईत एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली. बाह्यरेषा वेगळ्या थरावर ठेवा आणि छपाईसाठीच्या अंतिम सीएमवायके (चार शाईंच्या) फाइलमध्ये त्या केवळ काळ्या शाईत, म्हणजे के (काळी) १०० टक्के आणि बाकी तिन्ही शून्य, अशा द्या.