दारू सोडून अकराच दिवस झालेत ना, मग हे वाच

भावा, पहिलं सांगतो, रोज पिणाऱ्याने एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. हात थरथरतात, घाम येतो, कुणाला फिट येते, आणि दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागले तर ते जिवावर बेतू शकतं. तुझं ते निभावलं, नशीब. तरी केईएम, नायरसारख्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत एकदा दाखवून ये, १४४४६ ही सरकारी हेल्पलाईन पण आहे, फ्री.

आता खरी गोष्ट. तलफ कायम राहत नाही, साधारण अर्ध्या तासात उतरते, फक्त तेवढा वेळ काढायचा. मी डोंबिवलीला उतरलो की स्टेशनबाहेरचं वाईन शॉप टाळायला उलटा पूल चढून दुसऱ्या बाजूने जायचो, बायको हसायची, पण आठ महिने तेच केलं. आणि उपाशीपोटी, चिडलेला, एकटा, दमलेला असशील तर सांभाळ, माझं दोनदा घसरलं ते ह्यातच, संध्याकाळी सातची लोकल, सकाळपासून पोटात फक्त एक वडापाव.

घसरलास तर लपवू नकोस, त्याच रात्री कुणाला तरी फोन कर. एक पेग झाला म्हणून सगळं गेलं असं मानून अख्खा आठवडा पिणं, हा आपला जुना धंदा.

गटारीला ग्रुपवर मेसेज येतीलच, त्या दिवशी सरळ गावाला जा किंवा एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपला ग्रुप) मीटिंगला येऊन बस, चहा असतो.