दरड कोसळून नदी अडली, तर सॅमन मासे वर कसे पोचवतात?

कॅनडातली फ्रेझर नदी बघा. २०१८च्या हिवाळ्याच्या तोंडावर बिग बार नावाच्या ठिकाणी निर्जन घळीत दरड कोसळली. कळलं २०१९च्या जूनमध्ये! तोवर पाचेक मीटरचा धबधबा तयार झाला होता. अंडी घालायला समुद्रातून नदीत वर निघालेले सॅमन वाटेत खात नाहीत, साठवलेल्या चरबीवरच पोहतात, म्हणून उशीर जीवघेणा ठरतो. त्या वर्षी सुमारे ६० हजार मासे हेलिकॉप्टरनं वर नेले. ती मलमपट्टीच म्हणायची. खरा उपाय सुरुंगानं खडक फोडून, मोठे धोंडे रचून प्रवाहाचा जोर मोडणं. याच नदीवर हेल्स गेटला १९१४ साली रेल्वेच्या कामानं दरड पडली होती. तिथं माशांसाठी पक्के मार्ग व्हायला तीस वर्षं जावी लागली.