एल्कच्या पहिल्या शिकारीला जाताना नवख्याने काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरजवळ राहता, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, गेल्या वर्षी एक म्यूल डिअर, म्हणजे इथलं मध्यम आकाराचं हरीण, मिळालं. यंदा ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल सीझनला (रायफलने शिकारीसाठी ठरवून दिलेल्या मुदतींतली दुसरी) एका मित्राबरोबर एल्कसाठी, म्हणजे इथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणासाठी, डोंगरात जायचंय, रायफल ३०-०६ आहे. आणि विचारलंय: कुठे जाऊ, कुठली गोळी घेऊ, किती लांबून मारू?

मी मूळचा साताऱ्याकडचा, गेली अकरा वर्षं कोलोरॅडोत आहे आणि त्यातले नऊ सीझन एल्कच्या मागे घालवलेत. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुम्हीच ठरवून ठेवा. जनावर पडलं तर ते गाडीपर्यंत कसं आणणार? बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

आपल्याकडे बोकड कापलं की पंधरा-वीस किलो मटण निघतं आणि वाटे घालायला दहा माणसं हजर असतात. एल्कची पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे ताडोब्यात ज्याला पाहून आपण जागीच थबकतो त्या सांबराच्या नराएवढी. एल्कचा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. हाडं काढूनही मादीचं साठ-सत्तर किलो मांस होतं, नराचं नव्वद-शंभर. ते पाठीवर वाहायला तुम्ही दोघंच असणार. डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या शिखराइतकं उंच आहे आणि तुम्ही जाणार ते रान त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, नऊ-दहा हजार फुटांवर.

माझ्या दुसऱ्या वर्षी हे मला कळत होतं, तरी मी ऐकलं नाही. सूर्य मावळायच्या बेतात, गाडीपासून पाच किलोमीटरवर, एका खोल घळीत नर दिसला. एकटा होतो, तरी गोळी झाडली. एका गोळीत तो पडला. आतडी काढली, फांद्या टाकून पोट उघडं ठेवलं आणि रात्र थंड आहे, सकाळी माणूस घेऊन येऊ असं म्हणून वर चढलो. त्या रात्री गाडीतली पाण्याची बाटली गोठली. सकाळी वरच्या बाजूचं मांस छान गार होतं. पण जनावर उलटवून खालची मांडी खुब्याच्या सांध्याजवळ उघडली तर आतून वाफ आली आणि तिच्याबरोबर आंबूस वास. हाडालगतचं मांस हिरवट पडलं होतं. एल्कचं कातडं आणि आयाळ इतकी दाट असते आणि मांडीचा गोळा एवढा मोठा असतो, की बाहेर बर्फ असलं तरी अंगाची ऊब आत कोंडून राहते. जमिनीला टेकलेल्या बाजूला तर वारा लागतच नाही. जवळजवळ अख्खी मांडी टाकून द्यावी लागली. एवढा मोठा जीव घेतला आणि त्याचा एक पाय माझ्या आळसापायी कुजला, ही गोष्ट मला आजही टोचते. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

म्हणून माझा पहिला सल्ला: पहिल्या वर्षी मादीचा परवाना घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल सीझनला नराचा परवाना बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, दुकानातून थेट मिळतो, म्हणून नवखे तोच घेतात. मादीचा बहुतेक लॉटरीतून मिळतो, एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज करावा लागतो, आणि उरलेले परवाने ऑगस्टमध्ये विक्रीला निघतात. तुमची एप्रिलची मुदत गेली असेल तर त्या उरलेल्या यादीवर नजर ठेवा. कळपात माद्याच जास्त असतात, मांस कोवळं असतं आणि ओझं तिसऱ्या हिश्श्याने कमी. शिवाय नराच्या परवान्यावर बऱ्याच युनिटांत शिंगांची अट असते: एका बाजूला चार फाटे तरी हवेत, किंवा कपाळाजवळचा फाटा निदान पाच इंचांचा. संधिप्रकाशात, धाप लागलेली असताना, झाडांच्या फटीतून ते फाटे मोजणं नवख्याला जड जातं. शिंगांची हौस असेल तर ती आणखी दोन वर्षांनी पुरवा.

ओळखण्याचंच आणखी एक. त्याच रानात मूस, म्हणजे एल्कहूनही मोठी हरणं, असतात आणि घाईत मूसला एल्क समजून मारणारे शिकारी निघतातच. एल्कची मान गडद, अंग फिकट आणि पुठ्ठा पिवळसर पांढरा. मूस सगळाच काळपट, नाक लांब आणि लोंबतं. पुठ्ठा फिकट दिसला नाही तर बोट ट्रिगरपाशी जाऊ देऊ नका.

आता कुठे जायचं. कोलोरॅडोत पावणेतीन लाखांहून जास्त एल्क आहेत, जगात इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मीकर आणि क्रेगच्या बाजूचं फ्लॅट टॉप्सचं पठार, व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्ट, ग्रँड मेसा, स्टीमबोटकडचं रूट फॉरेस्ट ही सगळी सार्वजनिक जमीन आहे, तिथे गर्दीही तशीच असते. नेमकी जागा सांगून उपयोग नाही, जागा कशी ओळखायची ते सांगतो. सीझनच्या पहिल्या सकाळी एल्क कुरणाच्या कडेला चरताना दिसतात. त्यानंतर गोळ्यांचे आवाज आणि गाड्या सुरू झाल्या की कळप उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट, काळोख्या झाडीत शिरतात. नकाशावर रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत असलेली, उत्तरेकडे तोंड केलेली गर्द झाडी शोधा. जवळ पाणी हवं, वर एखादी सपाट सोंड हवी. दोन खोऱ्यांना जोडणारी खिंड असेल तर उत्तम, हुसकावलेले कळप तिथूनच पार होतात. पण गाडीपासून तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नका आणि गाडी खाली, रान वर अशीच जागा निवडा. ओझं घेऊन उतरणं जमतं. तीस किलो पाठीवर घेऊन घळ चढणं काय असतं ते मी त्या दुसऱ्या वर्षी भोगलंय.

ताज्या लेंड्या ओल्या, चकचकीत, हिरवट असतात. जुन्या सुकून फिकट पडतात. ताज्या नसलेल्या खुणांवर दिवस घालवू नका. आणि नाकाकडे लक्ष द्या. कळप जवळ असला की गोठ्यासारखा उग्र वास येतो. मला कित्येकदा डोळ्यांआधी नाकाने एल्क सापडलेत.

त्यांच्या नाकापुढे मात्र तुमचं काही चालणार नाही. एल्क तुम्हाला पाहील, थांबेल, दुसऱ्यांदा बघेल. आवाजही एखादवेळ सोडून देईल, कारण कळप स्वतःच फांद्या मोडत चालतो. पण माणसाचा वास आला की संपलं, तो कळप डोंगर ओलांडूनच थांबतो. खळ्यावर उपणणी करताना आपली माणसं चिमूटभर माती सोडून वारा बघायची, तसंच इथे करायचं. मी छोट्या बाटलीत बिनवासाची पावडर ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी फुंकून बघतो. डोंगरातली हवा रोज एका ठरावीक चालीने फिरते. पहाटे गार हवा पाण्यासारखी घळींतून खाली वाहते, ऊन उतारावर चांगलं पसरलं की ती उलटून वर चढू लागते, आणि सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे कळपाच्या खालून किंवा बाजूने जा, उन्हं चढल्यावर वरून. हवा पालटायच्या वेळी, साधारण नऊ-दहाच्या सुमाराला, ती कुठेही भोवंडते. तेव्हा हलू नका. बसा, दुर्बिणीतून झाडी इंच इंच बघा, डबा खा. अख्खं एल्क शोधू नका. कानाची हालचाल, पायांची उभी रेघ, झाडांमधली पाठीची आडवी रेघ शोधा.

गोळीचं उत्तर छोटं आहे. तुमची ३०-०६ एल्कला पुरून उरते. १६५ किंवा १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), अंगात शिरल्यावर पसरणारी पण तुकडे न होणारी चांगली गोळी घ्या आणि तीच गोळी सरावालाही वापरा. कायद्याने एल्कसाठी किमान ८५ ग्रेन लागते, म्हणजे तुम्ही खूपच वर आहात.

अंतराचं मात्र तुमच्या सरावावर ठरतं. रेंजवर टेबलाला टेकून काढलेला नेम विसरा. जिना दोनदा धावत चढा, खाली या, मांडी घालून काठ्यांच्या आधाराने पाच गोळ्या झाडा. पाचही गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात ज्या अंतरावरून बसतील, ते तुमचं अंतर. पहिल्या वर्षी ते दोनशे यार्डांपलीकडे असेल असं मला वाटत नाही, आणि एल्कच्या रानात तेवढं पुरतं. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच मारा. पुढच्या पायाची मागची रेघ धरून, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम. तुमच्याकडे तोंड करून असेल, किंवा मागे दुसरं जनावर असेल, तर थांबा.

गोळी लागल्यावर लगेच धावू नका. जागेवर अर्धा तास बसा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलेलं असेल. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत. हिरवट घाण किंवा शेणासारखा वास म्हणजे पोटात लागली, मग कित्येक तास थांबावं लागतं. लगेच पाठलाग केला तर ते जखमी जनावर मैलभर जातं आणि बहुतेक वेळा सापडत नाही.

सापडल्यावर परवान्याचा टॅग लगेच भरून सही करा. मग आतडी काढत बसू नका. जनावर कुशीवर असतानाच पाठीच्या कण्यावरून कातडी चिरा आणि खाली सोलत न्या. पुढचा फरा कुठल्याही सांध्यात अडकलेला नसतो, नुसत्या मांसाने धरलेला असतो. पाय वर उचलून सुरी आतून फिरवली की सुटून हातात येतो. मागच्या मांडीला खुब्याची वाटी असते, ती सापडली की तिच्यातला पांढरा पट्टा कापायचा. पाठीचे दोन लांब पट्टे, मानेचं मांस, शेवटच्या फासळीमागून हात घालून आतल्या नाजूक वाद्या, आणि मग उलटवून दुसरी बाजू. एका मांडीवर मादीची खूण, म्हणजे कासेचा भाग, तसाच चिकटलेला ठेवा, तसा नियमच आहे. प्रत्येक तुकडा जाळीच्या कापडी पिशवीत घालून सावलीत फांदीला टांगा. असं केलं की ऊब भराभर निघून जाते. मी त्या घळीत हे केलं असतं तर ती मांडी वाचली असती.

बाकी भराभर सांगतो. कमरेच्या वर ५०० चौरस इंच भगवा किंवा गुलाबी झगझगीत रंग, डोक्यावरही. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच गोळी झाडायची मुभा. दोन हेडलॅम्प. सुती कपडे अजिबात नकोत, भिजले की जिवावर बेततं. फोन चालत नाही, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने का होईना घ्या. दोन दिवस आधी वर जाऊन राहा, डोकं दुखत असेल तर खाली उतरा.

तुम्ही व्हिसाचं लिहिलं नाहीत, पण आपल्यापैकी बरेच जण एच-वन-बीवर असतात म्हणून सांगतो. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. परवान्याची मुदत संपली तर काय, हे वकिलाला विचारूनच पुढे जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की गावाकडे कळलं तर लोक काय म्हणतील. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, आपल्या रानात तेवढी जनावरं उरली नव्हती. इथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क संपत आले होते. १९१२पासून वायोमिंगकडून आणून सोडले, शिकारीवर कडक मर्यादा घातल्या, आणि परवान्यांच्या पैशातून नि बंदुका-काडतुसांवरच्या, १९३७च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या करातून ती संख्या परत उभी राहिली. मी माझ्या आईला हे असंच सांगितलं. तिने विचारलं, "सगळं खाता ना?" त्या वर्षी मला हो म्हणता आलं नाही. त्यानंतर दर वर्षी म्हणता आलंय.

तुमच्या युनिटात सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगाची तपासणी सक्तीची असेल तर डोकंही खाली आणावं लागेल. नसली तरी नमुना द्या. पाकिटांवर तारीख लिहा आणि निकाल येईपर्यंत फ्रीझर उघडू नका. मग पाठीचं मांस तव्यावर नुसतं शेकून खा, आणि नळ्या काळ्या मसाल्यात मंद आचेवर तीन तास राहू द्या. चरबी जवळजवळ नसते, तेव्हा तेल थोडं जास्त घाला.